मुख्याध्यापकपदाची तयारी: डीएसएम करू, नीपाचा डिप्लोमा करू, की आणखी काही?

खडूफळा | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड., नोकरीला तेवीस वर्षं झाली. आठवी ते दहावी, सहा तुकड्यांची शाळा. आमचे मुख्याध्यापक ३१ मेला निवृत्त होताहेत आणि ज्येष्ठता यादीत त्यांच्यामागे माझं नाव आहे. माझी अजून आठ वर्षं बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात सरांनी विचारलं, "बाई, चार्ज घेणार ना?" माझ्या तोंडून ना हो निघालं, ना नाही. स्टाफरूममध्ये सगळे काळजीपोटी एकच सांगतात, "हक्क सोडल्याचं लिहून द्या, कशाला डोक्याला ताप." माझ्याआधी आमच्याच शाळेत दोन बाईंनी असा हक्क सोडलाय. दोघीही फार छान शिकवायच्या.

भीती कसली ते सांगते. दिवाळीनंतर सर चार दिवस रजेवर होते, चार्ज माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी एक माजी विद्यार्थी आला, २००४ साली दहावी झालेला. त्याला दाखल्याची दुसरी प्रत हवी होती आणि जातीच्या रकान्यात पोटजातही लिहून हवी होती. बरोबर गावातली दोन वजनदार माणसं. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींचं, टेबलावर उघडलेलं, कापडी बांधणीचं, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. त्याच्या नावापुढे त्या रकान्यात एकच शब्द होता. "बाई, एक शब्द तर वाढवायचाय." मला तो अधिकार आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं. सर आल्यावर या म्हणून सांगितलं. ते गेले, पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. तेवीस वर्षं ज्या शाळेत काढली, तिथलं ते रजिस्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडून वाचलं.

वर्ग मला येतो. ऑफिस येत नाही. हातात साडेचार महिने आहेत. मुक्त विद्यापीठाचा डीएसएम (शालेय व्यवस्थापन पदविका), नीपा या दिल्लीच्या शैक्षणिक नियोजन-प्रशासन संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा, एम.एड. यातलं कोणी काय केलंय? खुर्चीत बसल्यावर त्याचा खरंच उपयोग झाला का?

---

टाचणवही | १२ जानेवारी, रात्री १०.२५

ताई, मी डीएसएम केलाय म्हणून लिहिते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका. एक वर्षाची, नोकरी सांभाळून होते. पुस्तकं घरी वाचायची, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं, स्वाध्याय आणि शेवटी परीक्षा.

फायदा झाला का? झाला. नियोजन, वेळापत्रक, कर्मचाऱ्यांची कामं, आर्थिक व्यवहार, कायदे हे सगळं एकदा तरी एका जागी वाचून होतं. एरवी आपण हे तुकड्यातुकड्याने ऐकतो, तेही काहीतरी बिघडल्यावर.

स्वाध्याय मात्र स्वतः लिहा. पुष्कळ जण एकमेकांचे उतरवतात आणि नंतर म्हणतात की कोर्समध्ये काही नाही. मी वेळापत्रकावरचा स्वाध्याय आमच्याच शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून लिहिला. तेव्हा लक्षात आलं, नववी ब ला आठवड्यातले सहाच्या सहा गणिताचे तास मधल्या सुट्टीनंतर होते. चार वर्षं तेच वेळापत्रक तारीख बदलून लागत होतं. त्या वर्गाला सगळे "ढ" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मी ते मुख्याध्यापकांना दाखवलं आणि सोमवारपासून चार तास सकाळी आले. मी तेव्हा साधी सहशिक्षिका होते.

कॅशबुक कसं लिहायचं हे मात्र पुस्तकातून येत नाही. पात्रता आणि शुल्क चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच बघा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

---

कलम_नऊ | १३ जानेवारी, सकाळी ७.१०

आधी नियमाचं बोलू, म्हणजे गोंधळ राहणार नाही.

खाजगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. नियम ३ प्रमाणे माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. झाल्यानंतरची हवीत. या अटी पूर्ण करणारा, सेवेचा समाधानकारक अभिलेख असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक संस्थेने नेमायचा. ज्येष्ठता ठरते अनुसूची फ नुसार. यात डीएसएम कुठेही नाही. तो केल्याने कोणी यादीत वर सरकत नाही आणि केला नाही म्हणून कोणाला डावलता येत नाही. (अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी. त्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० मुळे आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक नेमता येतो.)

हक्क सोडण्याबद्दल. ते निवेदन तुमच्या सहीने शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं. ते तुम्हाला बोलावून, हे स्वखुशीने दिलंय का, याची खात्री करून घेतात. ही तरतूद मुद्दाम आहे, कारण दबाव टाकून लिहून घेण्याचे प्रकार होतात. एकदा हक्क सोडला तरी पुढे पद रिकामं झाल्यावर तुमचा विचार व्हायला त्याने बाध येत नाही. पण तुमचा कनिष्ठ सहकारी तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असेल, तर "पुढे" तुमच्या नोकरीत येणारच नाही. हे नीट मोजा.

आणि डावललं गेलं तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत तीस दिवस. मुदत गेल्यावर रडत आलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून हे ठळक लिहितोय.

---

पाचवा_तास | १३ जानेवारी, दुपारी १.०५

माझं मत वेगळं आहे. मुख्याध्यापकासाठी पदविका हवीच, असा सूर लागला की उद्या ती सक्तीची होईल, परवा तिचे क्लासेस निघतील आणि तेरवा तयार स्वाध्यायाच्या झेरॉक्स विकायला येतील. बी.एड.चं काय झालं ते आपण पाहिलंय. शिवाय या पदाला जे लागतं, म्हणजे धीर, न्यायबुद्धी, पालकासमोर न चिडता बोलणं, ते कुठल्या पेपरात तपासणार? ज्येष्ठतेला नावं ठेवतात, पण ज्येष्ठतेमुळेच संस्थाचालकांच्या पुतण्यांपासून शाळा वाचल्यात.

खडूफळा, तुम्ही मुलांना तेवीस वर्षं शिकवलंत. तीच तयारी आहे.

---

जुनी_किल्ली | १३ जानेवारी, रात्री ९.५०

मी अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहितो.

पाचवा_तास, ज्येष्ठतेबद्दल तुमचं खरं आहे, ती हातची सोडू नये. पण वर्गावर शिकवणं हीच तयारी, हे मला मान्य नाही. माझी शाळा मोठी होती. मी आधी पर्यवेक्षक, मग उपमुख्याध्यापक, मग मुख्याध्यापक झालो. पर्यवेक्षक असताना वेळापत्रक आणि परीक्षा शिकलो, उपमुख्याध्यापक असताना पालक आणि कार्यालय शिकलो. माझ्या चुका झाकायला वर माणूस होता. सहा तुकड्यांच्या शाळेत या मधल्या पायऱ्याच नाहीत. शिक्षक ३१ मेला वर्गातून उठतो आणि १ जूनला थेट त्या खुर्चीत बसतो. वर ज्येष्ठतेने पद येईपर्यंत पुष्कळांची दोन-तीनच वर्षं उरलेली असतात. काम उमगेपर्यंत अठ्ठावन्न पूर्ण होतात. बाईंची आठ वर्षं आहेत, ही त्या शाळेची मोठी संधी आहे. ती सोडू नका.

आता त्या रजिस्टरचं. तुम्ही सही केली नाहीत, अगदी योग्य केलंत. मूल शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरमधल्या नाव, जात, जन्मतारीख या नोंदींत मुख्याध्यापकाने स्वतःच्या अधिकारात एक अक्षर बदलायचं नाही. लेखी अर्ज घ्यायचा, पुरावे घ्यायचे, मूळ नोंदीची सत्यप्रत जोडून प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. आदेश आला, तर मूळ नोंद वाचता येईल अशी ठेवून बदल लिहायचा आणि शेऱ्यात आदेशाचा क्रमांक, तारीख, सही. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, बसवायचं आणि ही पद्धत शांतपणे सांगायची. तुम्हाला नियम माहीत असला की वजनदार माणूससुद्धा ऐकतो. तुमचा आवाज डळमळला की तो जोर लावतो.

माझा स्वतःचा फटका सांगतो. खुर्ची मला १ जूनला मिळाली आणि सह्यांचे अधिकार मिळाले ऑगस्टमध्ये. प्रस्तावाला शाळा समितीच्या ठरावाची प्रत जोडायची राहिली होती, ती राहिलीय हे मला दीड महिन्याने कळलं. तोपर्यंत शाळेतल्या सगळ्यांचा पगार अडकला. आमच्या शिपायाच्या मुलीची फी भरायची होती. तो काही बोलला नाही, फक्त रोज सकाळी माझ्याकडे बघायचा. ते बघणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्या सरांची सेवानिवृत्ती ठरलेली आहे, तर तुमचा प्रस्ताव मे महिन्यातच तयार ठेवा.

साडेचार महिन्यांत काय करायचं? सरांना सांगून आठवड्यातले दोन मोकळे तास त्यांच्या शेजारची खुर्ची मागून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या परीक्षेची कामं बघा. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपतं, तेव्हा कॅशबुक, पावत्या, वेतनेतर अनुदानाचा खर्च. एप्रिलमध्ये निकाल आणि सेवापुस्तकं. मेमध्ये चार्जाची यादी. प्रत्येक रजिस्टर स्वतः उघडून, पानं मोजून, मगच यादीवर सही करा. डीएसएमला प्रवेश जरूर घ्या, पण तो खुर्चीत बसल्यावर चालू राहील. पुस्तक वाचताना समोर खरी शाळा असेल, म्हणजे ते जास्त कळेल.

---

हिशेबनीस | १४ जानेवारी, सकाळी ८.३०

मी शाळेत वरिष्ठ लिपिक आहे, सव्वीस वर्षं. चार मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केलं.

मॅडम, आम्हाला विचारायला कमीपणा वाटून घेऊ नका. आमच्या आत्ताच्या मॅडमनी पहिल्या दिवशी खुर्ची माझ्या टेबलाला लावली आणि म्हणाल्या, "भाऊ, एक महिना मी फक्त बघणार, तुम्ही मोठ्याने बोलत काम करा." मला इतकं बरं वाटलं. आज त्या शालार्थ या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतलं बिल स्वतः तपासतात. डीडीओ एकचं, म्हणजे आहरण-संवितरण अधिकाऱ्याचं पहिलं लॉगिन मुख्याध्यापकाचं असतं, तिथून बिल वेतन पथकाकडे जातं. पासवर्ड क्लार्ककडे आणि मुख्याध्यापक फक्त "झालं का?" विचारणार, असं असू नये. उद्या चूक निघाली तर नाव तुमचं येतं, आणि आमच्यावरही विनाकारण बालंट येतं.

शिकायचंच तर या तीन गोष्टी आधी शिका. रोजचं कॅशबुक रोज बंद करून सही. महिनाअखेर बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ, फरक असेल तर त्याच दिवशी शोधायचा. आणि ३० सप्टेंबरची पटसंख्या. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ती त्यावर होते आणि आधार जुळलेली मुलंच धरली जातात. नावात एक वेलांटी इकडची तिकडे असली तरी आधार जुळत नाही. आमच्याकडे एका वर्षी नऊ मुलांचं असं राहिलं आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरायची वेळ आली. ऑगस्टमध्ये वर्गशिक्षकांना यादी देऊन घरोघरी पाठवलं, तेव्हा निभावलं.

---

निरीक्षण_नोंद | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

वरचं सगळं खरं आहे आणि तरी वाचताना मला वाईट वाटतंय. मी शिक्षक-प्रशिक्षणात बरीच वर्षं काम केलंय. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाला प्रश्न कशावर येतात? पगारबिल, दाखला, संच मान्यता, पोषण आहार. "वर्गात शिकवणं कसं सुधारू?" हा प्रश्न क्वचित येतो. इंग्रजीत ज्याला हेडमास्तर म्हटलं, तो मुळात मुख्य शिक्षकच होता.

दिल्लीच्या नीपामध्ये राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र आहे. त्यांच्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत सात क्षेत्रं आहेत: शाळा-नेतृत्वाचा दृष्टिकोन, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी आणि प्रशासन. प्रशासन सातातलं एक आहे, हे लक्षात घ्या. त्यांचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे आणि सुरुवातीच्या (बेसिक) पातळीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. ऑनलाइनपासून सुरुवात करा, संध्याकाळी घरी बसून होतो. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची मिपा, म्हणजे राज्याची शैक्षणिक नियोजन-प्रशासन संस्था, मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं घेते, त्यांच्या पत्रांवर लक्ष ठेवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितलाय. नेतृत्वगुण दिसणाऱ्या शिक्षकांना हळूहळू त्या जबाबदारीसाठी तयार करावं, असंही त्यात आहे. म्हणजे तयारी आधीपासून हवी, हे धोरणही मानतं. मात्र हे ५० तास सभागृहात बसून स्लाइड बघण्यात गेले, तर हाती काही लागणार नाही.

एक वर्गनिरीक्षण सांगते. एका मुख्याध्यापिकेबरोबर मी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. लॉगबुकात त्यांनी लिहिलं, "फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थी सहभाग समाधानकारक." मी माझ्या कागदावर फक्त मोजलं होतं. पस्तीस मिनिटांत शिक्षकाने एकवीस प्रश्न विचारले, त्यातले सतरा पहिल्या दोन बाकांना. खिडकीकडच्या रांगेतल्या एकाही मुलीला एकही नाही. मी कागद पुढे सरकवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी लॉगबुकातली ती ओळ खोडली. पुढच्या महिन्यात त्या प्रत्येक वर्गात मोजायला बसू लागल्या, आणि शिक्षकही आपला कागद बघायला मागू लागले. हे शिकायला अर्धा दिवस लागतो, पण कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

खडूफळा, तुम्ही गणित शिकवता. ते काम तुम्हाला क्लार्कच्या टेबलापेक्षा लवकर जमेल.

---

बांधावरची_शाळा | १४ जानेवारी, रात्री ११.२०

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवरून लिहितोय. आमच्याकडे मुख्याध्यापकाचं पदच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असतील तर मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला १०० च्या वर. माझ्या शाळेत छत्तीस मुलं. मग दोघांत जो ज्येष्ठ तो प्रभारी, म्हणजे मी. शाळा व्यवस्थापन समितीचा सचिव मी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणारा मी, तांदळाचा साठा मी, आणि पहिली-दुसरी-तिसरी एकत्र शिकवणाराही मीच.

आम्हा प्रभारींना कुठलं प्रमाणपत्र? राज्यात अशा छोट्या शाळा किती आहेत, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. निरीक्षण_नोंद मॅडम, तुमचं मोजण्याचं मी उद्यापासून करून बघतो. सोबतचे सर माझ्या वर्गात बसतील, मी त्यांच्या. दोन वर्ग तेवढा वेळ एकत्र बसवावे लागतील, पण करू.

---

एडिसनकर | १५ जानेवारी, सकाळी ६.४०

न्यू जर्सीत सरकारी शाळेत गणित शिकवते, मूळची कोल्हापूरची. इथल्या प्रिन्सिपलच्या परवान्याचा अभ्यासक्रम गेल्या वर्षी पूर्ण केला, म्हणून लिहिते.

इथे नुसत्या ज्येष्ठतेने प्रिन्सिपल होता येत नाही. शैक्षणिक नेतृत्व किंवा तत्सम विषयातली मास्टर्स पदवी, पाच वर्षांचा अनुभव, एसएलएलए नावाची परीक्षा आणि ३०० तासांची इंटर्नशिप लागते. मग पात्रतेचं प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन नोकरी शोधायची. नोकरी मिळाली की तात्पुरता परवाना आणि दोन वर्षं अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम, त्यानंतर कायमचा. मास्टर्सचा खर्च मोठा आहे, मी तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून तो भागवला. आणि परवाना खिशात असलेले पुष्कळ जण वर्षानुवर्षं वर्गातच शिकवत असतात, कारण जागा मोजक्या.

माझ्या मास्टर्समधलं काय उपयोगी पडलं, असं विचारलं तर मी ते ३०० तास म्हणेन. माझ्या प्रिन्सिपलबाईंनी मला सकाळी बस उतरताना दारात उभं केलं. दोन आठवडे फक्त तेवढंच. कोण मूल रडवेलं उतरतं, कोण काल घातलेल्याच कपड्यांत आहे, कोण एकटं चालतं. रोज त्या विचारायच्या, "आज काय दिसलं?" तिसऱ्या आठवड्यात एका मुलाबद्दल मी आधी बोलले, तेव्हा त्यांनी मला समुपदेशकांच्या बैठकीत बसवलं.

फरकही सांगते. इथे पगार, नेमणुकांची कागदपत्रं, खरेदी यातलं बरंच काम डिस्ट्रिक्टचं कार्यालय करतं. म्हणून प्रिन्सिपलला वर्गांत जायला वेळ मिळतो. माझे बाबा गडहिंग्लजजवळ मुख्याध्यापक होते, ते रात्री जेवणानंतर कंदिलाशी बिलं घेऊन बसायचे. त्यांना कोणी निरीक्षणाचा अर्धा दिवस दिला असता, तर त्यांनी सोनं केलं असतं. निरीक्षण_नोंद आणि हिशेबनीस दोघांचंही बरोबर आहे. पण दोन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यावर आहेत, दुखणं ते आहे.

---

थेम्सकाठ | १५ जानेवारी, दुपारी ३.३०

सक्तीवरून आठवलं. इंग्लंडमध्ये एनपीक्यूएच नावाची मुख्याध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता १९९७ मध्ये आली. २००९ पासून पहिल्यांदा मुख्याध्यापक होणाऱ्यांना ती सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये सक्ती काढली. पण अभ्यासक्रम बंद पडला नाही, आजही शिक्षक तो करतात. आमच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका आत्ता करताहेत. पाचवा_तास, तुमची भीती सक्तीची असेल तर हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

---

पाचवा_तास | १५ जानेवारी, रात्री ८.४५

वाचलं, आणि एक पाऊल मागे येतो. ३०० तास कोणाच्या तरी शेजारी, या तयारीला माझा विरोध नाही. परीक्षेच्या गुणांनी ज्येष्ठता मोडू नये, एवढं मी धरून राहीन. ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या दोघांना वर्षभर आधी मुख्याध्यापकांच्या हाताखाली आठवड्याचे चार तास अधिकृतपणे मिळाले आणि त्याचं प्रमाणपत्र सेवापुस्तकात चढलं, तर मी स्वतः आनंदाने नाव देईन. त्याला फार पैसाही लागणार नाही. वेळापत्रकात चार तास मोकळे करायला मात्र कोणीतरी वरून आदेश काढायला हवा.

---

टाचणवही | १५ जानेवारी, रात्री ९.१०

पाचवा_तास, हे मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत मांडा. मी आमच्या तालुक्यात मांडते. आणि यादीत पहिल्या दोघांत बाई असेल तर तिला आवर्जून विचारावं, "तुम्हाला नको असेल ना?" अशी सुरुवात करू नये. हक्क सोडणाऱ्या कितीतरी जणी काम जमणार नाही म्हणून सोडत नाहीत. ते काम त्यांना कोणी कधी दाखवलेलंच नसतं.

---

खडूफळा | २९ मार्च, रात्री १०.०५

धागा वर काढते. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

सरांकडे शेजारची खुर्ची मागितली. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मला हे कोणी दिलं नव्हतं. या." मंगळवार आणि शुक्रवार शेवटचे दोन तास. आमच्या लिपिक भाऊंनी मोठ्याने बोलत मार्चअखेरचं कॅशबुक बंद केलं. एकशे वीस रुपयांचा फरक निघाला. दोन तास शोधून शेवटी एका टपालखर्चाच्या पावतीवर तो सापडला, आकडा दोनदा लिहिला गेला होता. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं.

नीपाचा ऑनलाइन अभ्यासक्रम निम्मा झालाय. डीएसएमचे प्रवेश सुरू झाले की अर्ज भरणार. आणि मोजण्याचं स्वतःपासून सुरू केलं. नववीच्या माझ्याच तासाला सहकारी बाईंना मागे बसवलं. अठरा प्रश्न, त्यातले अकरा मुलांना, सात मुलींना, आणि मागच्या दोन बाकांना शून्य. तेवीस वर्षं मला वाटत होतं की मी सगळ्यांना विचारते. त्या दिवशी झोप लागली नाही. आता हजेरीपटावर पेन्सिलने टिंब करते, कोणाला विचारलं त्याच्यापुढे.

तो माजी विद्यार्थी परत आला होता. या वेळी मी बसवलं, पाणी दिलं, पद्धत सांगितली. त्याच्या वडिलांच्या शाळेतली जुनी नोंद त्याच्याकडे होतीच, ती घेऊन प्रस्ताव केला. सरांनी मसुदा माझ्याकडूनच लिहून घेतला आणि फक्त एक शब्द बदलला. सोबतची दोन माणसं या वेळी बाहेरच थांबली.

हक्क सोडल्याचं पत्र देणार नाही. हे संस्थेला तोंडी नाही, लेखी कळवलंय.

---

खडूफळा | ३ जून, रात्री ९.३०

परवा चार्ज घेतला. यादीत चौसष्ट रजिस्टरं होती, प्रत्येकाची पानं मोजली, त्यात पूर्ण दोन दिवस गेले. एका जुन्या हजेरीपटाची तीन पानं नव्हती. तसं यादीत लिहिलं आणि दोघांनीही सह्या केल्या.

सह्यांच्या अधिकाराचा प्रस्ताव शाळा समितीच्या ठरावासह २० मेलाच गेलाय, पण आदेश अजून हाती नाही. जूनच्या बिलाला तो लागेल. उद्या शिक्षणाधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन बघते. आणखी काय बरोबर न्यावं?

---

जुनी_किल्ली | ३ जून, रात्री ९.५२

अभिनंदन बाई. प्रस्तावाची पोच न्या, आवक क्रमांक त्यावर असेल, तोच सांगून फाइल शोधायला सांगा. ठरावाची आणखी एक साक्षांकित प्रत, ज्येष्ठता यादी, तुमच्या बी.एड.च्या प्रमाणपत्राची प्रत आणि नमुना सह्या तीन प्रतींत. शाळेचा शिक्का पिशवीत असू द्या. सकाळी लवकर निघा, दुपारी बैठक असली की टेबलावर कोणी भेटत नाही.